अहवाल चांगला आला, जखमेचे काय?

स्तनातली गाठ शस्त्रक्रियेने काढली, तपासायला पाठवली आणि काही दिवसांनी कागद हाती आला की कर्करोग नाही. घरात देवापुढे साखर ठेवली जाते, माहेरी फोन जातो, सासूबाई म्हणतात, ‘सुटलो एकदाचे.’ त्या दिवशी सगळ्यांच्या लेखी आजार संपतो. डॉक्टरांच्या लेखीही बहुधा संपतो, कारण त्यांच्या ओपीडीत कर्करोगाचे निदान झालेल्या बायका रांगेत बसलेल्या असतात आणि त्यांना आधी बघावेच लागते. मात्र जिच्या अंगावर टाके पडले, तिच्यासाठी इथून पुढे एक वेगळेच वर्ष सुरू होते. व्रणाखाली काहीतरी कडक लागते, कातडी काळवंडते, एखादी जागा बधिर होते, कुठे खड्डा पडल्यासारखा दिसतो. रात्री हात तिथे जातो आणि मनात तोच जुना प्रश्न उभा राहतो: पुन्हा आली की काय?

माझे म्हणणे साधे आहे. ‘कर्करोग नाही’ असे सांगून घरी पाठवताना ही जखम पुढचे बारा महिने कशी दिसेल, हाताला कशी लागेल आणि कोणत्या खुणा दिसल्या की लगेच परत यायचे, हे तिच्या भाषेत लिहून देणे हा उपचाराचाच भाग आहे. तो राहून जातो, आणि त्याची किंमत ती बाई एकटी मोजते. कधी विनाकारण भीतीत, कधी उशिरा कळलेल्या दुखण्यात.

गोव्यात हा विषय आता जास्त महत्त्वाचा झाला आहे. २०२१ साली राज्याच्या आरोग्य खात्याने क्रिकेटपटू युवराज सिंग यांच्या ‘यूवीकॅन’ फाउंडेशनच्या साथीने ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ हा उपक्रम सुरू केला. एक लाख महिलांची स्तनतपासणी हे त्याचे उद्दिष्ट. हातात मावणारे एक यंत्र स्तनावरून फिरवून आतला घट्टपणा टिपायचा. त्यात क्ष-किरण नाहीत, सुई नाही. अशी तपासणी आरोग्य केंद्रांपर्यंत पोचली, हे चांगलेच झाले. नियमित तपासणीचा उपयोग होतो याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या संशोधकांनी दीड लाखाहून अधिक बायकांचा वीस वर्षे मागोवा घेतला आणि २०२१ मध्ये ‘बीएमजे’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ठरावीक काळाने केवळ हाताने तपासणी केली, तरी पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमधले स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले.

पण तपासणी वाढली की साध्या गाठीही जास्त सापडणार. स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, तरुण वयात तर कर्करोगाच्या गाठी नसतातच म्हणावे इतक्या कमी. विशीतिशीतल्या मुलींच्या स्तनात हाताखाली सरकणारी टणक गाठ बहुतेक वेळा कर्करोग नसलेल्या फायब्रोअ‍ॅडिनोमाची असते. तरीही संशय आला की सोनोग्राफी होते, वयाप्रमाणे मॅमोग्राफी होते, सुईने तुकडा काढला जातो, आणि त्यातल्या काही बायका शेवटी शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचतात. पेडण्याची असो, डिचोलीची असो की वास्कोची, तिला तपासणीला बोलावले आपण. तेव्हा तपासणीनंतर तिच्या अंगावर जो व्रण राहतो, त्याची जबाबदारीही आपलीच.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. गाठ काय आहे हे कळण्यासाठी आज पहिला मार्ग चाकूचा नाही, सुईचा आहे. जागा बधिर करून जाड सुईने दोनचार तुकडे काढायचे आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, ही पद्धत बहुतेक ठिकाणी पुरते. व्रण जवळजवळ राहत नाही. सुईचा निकाल आणि सोनोग्राफी-मॅमोग्राफीचे चित्र एकमेकांशी जुळले नाही, सुईत पेशींची संशयास्पद वाढ दिसली, गाठ भराभर वाढते आहे किंवा स्तनाग्रातून रक्त येते आहे, अशा वेळी शस्त्रक्रियेने गाठ काढून तपासणे योग्य ठरते. म्हणून कोणी थेट ‘काढून टाकूया’ म्हटले, तर ‘आधी सुईने तपासता येणार नाही का?’ असे जरूर विचारावे. यात डॉक्टरांचा अपमान नाही. चांगला शल्यचिकित्सक त्याचे कारण समजावून सांगतो.

आता जखमेकडे येऊ. पहिल्या दोन दिवसांत थोडी सूज आणि ठणका असणारच. त्वचेखाली रक्त उतरलेले असते, त्यामुळे आधी जांभळा, मग हिरवट, मग पिवळसर डाग दिसतो आणि साधारण दोन आठवड्यांत विरतो. हे रक्त वजनाने खाली सरकते. म्हणून टाके वरच्या बाजूला असले तरी डाग कधी कधी स्तनाच्या खालच्या कडेला दिसतो. अनेकींना त्याचीच भीती वाटते. भिण्याचे कारण नाही. धोक्याची गोष्ट वेगळी आहे. पहिल्या एकदोन दिवसांत स्तन झपाट्याने फुगला, ताठला आणि दुखणे तासागणिक वाढत गेले, तर आत रक्त साचत असू शकते. तेव्हा रात्र काढत बसू नये, इस्पितळ गाठावे.

पहिला आठवडा उलटत आला की व्रणाच्या खाली बोटांना कडक कड लागते. गाठ काढली तिथेच पुन्हा कडकपणा लागल्यावर काळजात धस्स होणे साहजिक आहे. ही कड म्हणजे शरीर नवा जोडधागा विणत असल्याची खूण असते. ती काही आठवडे, कधी काही महिने राहते आणि हळूहळू मऊ पडते. गाठ काढून रिकाम्या झालेल्या जागेत पाण्यासारखा द्रवही साचतो. थोडा असेल तर शरीर तो आपोआप शोषून घेते. फार ताण आला तरच डॉक्टर सुईने काढतात. आतले विरघळणारे टाके जिरायला दोनतीन महिने लागू शकतात. एखाद्या टाक्याचे टोक मुरुमासारखे वर येते आणि बाहेर पडते. ते ओढू नये, दाखवावे.

व्रण कितीही स्वच्छ दिसला तरी तीन आठवड्यांनी त्या त्वचेची ताकद मूळच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकीच असते. तीन महिन्यांनी ती ऐंशी टक्क्यांच्या आसपास पोचते आणि तिथेच थांबते. म्हणून वास्कोच्या खारीवाड्यावरून मासळीची पाटी डोक्यावर घेऊन निघणारी बाई असो की घरात पाण्याने भरलेल्या बादल्या उचलणारी, तिला ‘जपून’ एवढेच सांगून भागत नाही. किती दिवस, किती वजन, हात किती वर न्यायचा, हे आकड्यांत सांगायला हवे. रोजंदारीवर जगणारी बाई मोघम सल्ला पाळूच शकत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात व्रण आधीपेक्षा वाईट दिसू लागतो. तो जाड होतो, गडद होतो, खाजतो. पुष्कळ जणी इथे निराश होतात, कारण त्यांना वाटत असते की दर आठवड्याला सुधारणाच दिसायला हवी. व्रणाचा स्वभावच तसा आहे: आधी वर येतो, मग बसत जातो. पूर्ण निवळायला वर्ष ते दीड वर्ष लागते. या काळात खाज, मुंग्या, अधूनमधून वीज चमकून जावी तशी कळ, किंवा व्रणाभोवती बधिरपणा, हे सगळे कापल्या गेलेल्या बारीक नसांचे काम असते. स्तनाग्राच्या कडेने छेद घेतला असेल तर तिथली संवेदना काही महिने कमी होऊ शकते. बहुतेकींची ती परत येते, काहींच्या बाबतीत थोडी कमीच राहते. ते आधी सांगितलेले असले की स्वीकारणे सोपे जाते.

आपल्या सावळ्या-काळ्या त्वचेविषयी वेगळे बोलावे लागेल, कारण पुस्तकातली बरीच वर्णने गोऱ्या कातडीवरून लिहिलेली आहेत. ‘लाली आली तर जंतुसंसर्ग समजा’ असे सांगितले जाते. सावळ्या त्वचेवर लाली बहुधा लाल दिसत नाही. ती तपकिरी किंवा जांभळट दिसते, कधी अजिबात कळत नाही. म्हणून डोळ्यांपेक्षा तळहातावर भरवसा ठेवावा. दोन्ही स्तनांवर आळीपाळीने हात ठेवून बघावा. एक बाजू गरम लागते का, दुखरी आहे का, सूज वाढते आहे का? बरी झाल्यावरही व्रणाभोवती काळसर छटा राहते आणि ती जायला महिने लागतात. तिच्यावर बाजारातली गोरेपणाची मलमे चोळू नयेत. त्यांत अनेकदा स्टिरॉइड असते आणि त्याने कातडी पातळ होते.

सावळ्या त्वचेत आणखी एक शक्यता जास्त असते, ती केलॉइडची. जाड झालेला व्रण जखमेच्या हद्दीत राहिला तर तो काळाने बसतो. केलॉइड मात्र हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या त्वचेवर पसरतो, खाजतो, दुखतो आणि आपोआप जात नाही. छातीच्या मधल्या हाडाजवळची जागा त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. कान टोचल्यावर, लसीच्या जागी किंवा आधीच्या शस्त्रक्रियेनंतर जिला असा व्रण आला असेल, तिने ते छेद घेण्यापूर्वीच सांगावे. मग छेद कुठे घ्यायचा याचा विचार होऊ शकतो. जखम पूर्ण बंद झाल्यावर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल दोनतीन महिने रोज लावणे, वाढ दिसताच स्टिरॉइडचे इंजेक्शन व्रणातच देणे, हे उपाय आहेत. नुसता कापून टाकलेला केलॉइड बरेचदा पुन्हा येतो, आधीपेक्षा मोठा येतो.

वास्कोत राहणाऱ्या बाईच्या जखमेला हवेशीही झगडावे लागते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपडे वाळत नाहीत. दमट ब्रा तशीच अंगात घातली जाते, वरून घाम. श्रावणात दामोदर सप्ताहाच्या गर्दीत दिवसभर उभे राहून घरी आले की स्तनाखालची घडी ओलीच असते. तिथे लालसर-तपकिरी, खाजरे, कडेला बारीक पुळ्या असलेले चट्टे आले तर ती बहुधा बुरशी असते. ती टाक्यांपर्यंत पसरू नये म्हणून जागा पुसून कोरडी ठेवावी, ब्रा सुती आणि पूर्ण वाळलेली असावी, पावसाळ्यात वाटल्यास इस्त्री फिरवून घालावी. चिकटपट्टीच्या आकाराचाच चौकोनी पुरळ उठला तर ती त्या चिकटपट्टीची अ‍ॅलर्जी. तीही सांगावी, पट्टी बदलून मिळते.

हवेपेक्षाही मोठी गोष्ट साखरेची. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले: २६.४ टक्के. चार प्रौढ माणसांत एकाहून अधिक. वाढलेल्या साखरेत जखम उशिरा भरते आणि जंतूंना फावते. त्यामुळे स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी साखर तपासून आटोक्यात आणणे आणि नंतर महिनाभर तिच्यावर लक्ष ठेवणे, याला गोव्यात पर्याय नाही.

आणि पथ्याचे काय? घरोघरी सांगतात की मासळी, विशेषतः सुंगटे (कोळंबी), वांगे, आंबट खाल्ले की जखम चिघळते. मग महिनाभर नुसती पेज. ज्यांना सुंगटांची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी ती खाऊच नयेत, पण बाकीच्यांनी सोडण्याचे कारण नाही. जखम भरायला प्रथिने लागतात आणि आपल्याकडे प्रथिनांचा सर्वांत जवळचा साठा म्हणजे मासळी. न खाणाऱ्यांनी डाळ, कडधान्य, दूध, अंडी यांतले जे चालेल ते वाढवावे. पेज जरूर घ्यावी, पण एकट्या पेजेवर जखम भरत नाही. तशीच उघड्या जखमेवर हळद किंवा खोबरेल तेलही लावू नये. जखम पूर्ण बंद झाल्यावर, साधारण महिन्याने, डॉक्टरांना विचारून तेलाच्या बोटाने व्रण हलके चोळायला हरकत नसते.

आता ज्या खुणांवर घरी बसून राहायचे नाही, त्या. ताप, वाढत जाणारी ऊब आणि ठणका, पू, उसवलेला टाका, यांसाठी त्याच दिवशी जावे. तीनचार आठवडे झाले तरी जखम बंद होत नाही, भरते आणि पुन्हा फुटते, प्रतिजैविकाच्या गोळ्यांनी तेवढ्यापुरते बरे वाटते, असे असेल तर गोळ्यांचा तिसरा कोर्स मागू नये. अशा जखमेतला स्राव तपासावा लागतो, कारण आपल्या देशात स्तनाचा क्षयरोग अजून आहे आणि तो असाच वाहत राहतो. स्तनावर किंवा काखेकडे उभी, ताठ, दुखरी शीर उमटली आणि हात वर केल्यावर ती ताणली गेली, तर तो बहुधा ‘माँडोर’चा आजार असतो. फ्रेंच शल्यचिकित्सक आन्री माँडोर यांनी १९३९ मध्ये त्याचे वर्णन केले. वरवरच्या शिरेत रक्त गोठल्याने ती कडक होते आणि काही आठवड्यांत निवळते. पण एकदा दाखवून घ्यावी.

सर्वांत गोंधळ उडवणारी गोष्ट महिन्यांनी, कधी वर्षांनीही येते. शस्त्रक्रियेच्या जागी स्तनातली चरबी मरते आणि तिथे टणक गाठ तयार होते. वरची त्वचा आत ओढली जाऊन खड्डाही पडतो. ही गाठ निरुपद्रवी असते, पण हाताला ती हुबेहूब कर्करोगासारखी लागू शकते. हा फरक घरी कोणालाही कळणार नाही, डॉक्टरांनाही कधी फक्त हाताने कळत नाही. सोनोग्राफी, मॅमोग्राफी, कधी पुन्हा सुई लागते. म्हणून नियम एकच: पूर्वीचा कडकपणा मऊ होत चालला असेल तर वाट पाहावी, नवी गाठ, नवा खड्डा दिसला तर दाखवावे. संत्र्याच्या सालीसारखी जाड, खाचाखाचांची झालेली त्वचा, आत वळलेले स्तनाग्र, स्तनाग्रावरचा न बरा होणारा इसब, रक्ताचा स्राव, या खुणांना जुन्या शस्त्रक्रियेच्या खात्यावर टाकून मोकळे होऊ नये. मागे आलेला चांगला अहवाल त्या वेळच्या त्या गाठीपुरता असतो.

तो अहवालही नीट वाचून घ्यावा. ‘कर्करोग नाही’ या एका वाक्याखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी येतात. साधा फायब्रोअ‍ॅडिनोमा किंवा साधे फायब्रोसिस्टिक बदल असतील तर पुढच्या धोक्यात फारसा फरक पडत नाही. पण अहवालात पेशींच्या ‘एटिपिकल’ (नेहमीपेक्षा वेगळ्या) वाढीचा उल्लेख असेल, तर पुढे कर्करोग होण्याचा धोका इतर बायकांच्या सुमारे चौपट मानला जातो, आणि दरवर्षीची तपासणी चुकवून चालत नाही. मूळ अहवाल जपून ठेवावा आणि पुढे कधीही मॅमोग्राफी झाली तर तंत्रज्ञाला व्रणाची जागा आणि साल आधी सांगावे. आतला जुना व्रण चित्रात ओढल्यासारखा दिसतो. माहिती नसेल तर त्यावरून नव्या संशयाची सगळी फेरी पुन्हा सुरू होते.

वास्कोच्या बाईला हे सगळे विचारायला कोण आहे? सड्यावरून किंवा मांगोर हिलवरून झुआरी ओलांडून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉ) जाऊन येण्यात दिवस मोडतो आणि मजुरी बुडते. ‘खड्डा दिसतो’ एवढे विचारायला ती जाणार नाही. नवऱ्याला दाखवायला संकोच, शेजारणीला सांगायला भीती. म्हणून माझी मागणी मोठ्या इमारतीची किंवा यंत्राची नाही. गोव्यात वैद्यकीय शिक्षण १८४२ पासून चालत आले आहे. त्याचा वारसा सांगणाऱ्या गोमेकॉने एक पान तयार करावे. आठवडा, महिना, तीन महिने, वर्ष अशा टप्प्यांवर काय दिसेल, आणि कोणत्या खुणांवर कुठे जायचे. कोंकणीत, मराठीत, आणि वास्कोसारख्या गावासाठी कन्नड-हिंदीतही. मजकुराबरोबर आपल्यासारख्याच सावळ्या त्वचेची रेखाचित्रे असावीत, म्हणजे वाचता न येणाऱ्या बाईलाही कळेल. टाके तपासण्याची आणि तीन महिन्यांनंतर एकदा बघण्याची सोय चिखलीच्या उपजिल्हा इस्पितळात व्हावी. गाठीच्या तपासणीसाठी आरोग्य केंद्र बाईच्या दारापर्यंत येऊ शकते, तर व्रण बघायलाही येऊ शकते.

तोवर आपण स्वतः विचारू शकतो. शस्त्रक्रियेआधी विचारा: छेद कुठे घेणार, आणि सुईने भागणार नाही का? घरी जाताना विचारा: कोणत्या खुणांवर परत येऊ, आणि कोणाकडे? अहवाल आल्यावर विचारा: गाठ नेमकी कोणती, आणि पुढची तपासणी कधी? सोबतच्या माणसाला उत्तरे लिहून घ्यायला सांगा. आणि ज्यांची अशी शस्त्रक्रिया होऊन गेली आहे, ज्या महिनोन्महिने आरशासमोर एकट्याच उभ्या राहून त्या जागेला हात लावून बघत आहेत, त्यांनी या आठवड्यात एकदा डॉक्टरांना दाखवून यावे. बहुधा ‘काही नाही, असेच असते’ हेच उत्तर मिळेल. ते उत्तर ऐकायला जाणे म्हणजे डॉक्टरांचा वेळ वाया घालवणे नव्हे. ते तुम्हाला पहिल्याच दिवशी मिळायला हवे होते.